सर चार्ल्स रॉसची सरळ ओढीची रायफल

गेल्या दिवाळीत माझ्या जुन्या रूम पार्टनरचा कॅनडाहून मेसेज आला. हा पठ्ठ्या तिकडे एम.एस.ला गेलाय आणि अभ्यास सोडून टार्गेट शूटिंगच्या क्लबात जायला लागलाय. लायसन्ससाठीचा कोर्स चालू आहे आणि आता त्याला स्वतःची पहिली रायफल घ्यायची आहे. तीही साधीसुधी नको, स्ट्रेट-पुलच हवी. क्लबातल्या एका आजोबांकडे जुनी रॉस मार्क थ्री आहे, ते स्वस्तात द्यायला तयार आहेत, तर घेऊ का, असा प्रश्न. मला विचारायचं कारण एवढंच की एन.सी.सी. कॅम्पात पॉइंट टू-टूच्या फायरिंगमध्ये मला एकदा बक्षीस मिळालं होतं. तेवढ्यावर मी त्याच्या लेखी एक्स्पर्ट!

मी त्याच्याकडे दोन दिवस मागून घेतले. त्याचे दोन आठवडे झाले, कारण रायफल बाजूलाच राहिली आणि मी ती बनवणाऱ्या माणसाच्या मागे लागलो. सबमिशन तोंडावर असताना हे उद्योग करू नयेत, पण केले.

आधी स्ट्रेट-पुल म्हणजे काय ते सांगतो. एन.सी.सी.वाल्यांनी साधी बोल्ट रायफल हाताळलेली असते. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. झाल्या चार हालचाली. स्ट्रेट-पुलमध्ये दांडी नुसती सरळ मागे ओढायची आणि सरळ पुढे ढकलायची. बोल्टचं डोकं आत फिरतंच, पण ते तुम्ही फिरवत नाही. बाहेरच्या नळकांड्यात मळसूत्रासारखे तिरपे खाचे असतात, ते त्याला फिरवतात. सरळ गतीची वर्तुळाकार गती! थिअरी ऑफ मशीन्सच्या सरांना दाखवली तर दोन लेक्चरं सहज निघतील. ही कल्पना रॉसची एकट्याची नाही. ऑस्ट्रियात फर्डिनांड मानलिखरने (हा मूळचा रेल्वेचा इंजिनिअर) त्याच्याआधी अशा रायफली बनवल्या होत्या आणि रॉसने सुरुवात त्याच वळणावर केली.

चार्ल्स रॉस जन्मला 1872 मध्ये, स्कॉटलंडच्या उत्तरेतल्या बॅल्नागाउन इस्टेटीच्या घराण्यात. 1883 मध्ये वडील वारले आणि अकरा वर्षांचं पोरगं नववा बॅरोनेट झालं. इस्टेट साडेतीन लाख एकरांच्या आसपास. आपल्याकडे तालुके मोजावे लागतील! शिक्षण ईटन आणि केंब्रिजला. असा मुलगा शिकारीत आणि मेजवान्यांत आयुष्य घालवेल असं कुणालाही वाटेल. पण ह्याला यंत्रांचा नाद. शाळकरी वयातच तो रायफलच्या रचनेशी खेळत होता आणि विशीत त्याच्या नावावर पेटंट लागलं.

तो नुसता बंदुकवेडा नव्हता, हे आपल्या इलेक्ट्रिकलवाल्यांनी लक्षात घ्यावं. 1890 च्या दशकात तो कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात गेला आणि कूटने नदीवरच्या बॉनिंग्टन धबधब्याजवळ वीजकेंद्र उभारणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांपैकी एक झाला. 1898 मध्ये तिथली वीज डोंगर ओलांडून पन्नासेक किलोमीटरवरच्या रॉसलँडच्या खाणींपर्यंत गेली. त्या काळाच्या मानाने ही मोठी मजल होती. बोअर युद्धात तो लढायला गेला तोही स्वतःच्या मशीनगन घेऊन. असा माणूस समोर उभा राहिला की समोरच्याची नाही म्हणायची हिंमत होत नसावी, असं मला सारखं वाटत राहिलं.

नेमकी तेव्हाच कॅनडाला रायफलींची अडचण होती. ब्रिटनची ली-एनफील्ड आपल्या देशात बनवायची कॅनडाची इच्छा होती, पण इंग्लंडातले कारखानदार तयार होईनात. रॉसने आपली रायफल पुढे केली आणि कारखानाही स्वतः काढतो म्हणाला. 1901 मध्ये चाचणी झाली. भराभर गोळ्या झाडल्यावर रॉसची रायफल अडकली. दोष काडतुसांवर ढकलला गेला आणि समितीने तिचीच शिफारस केली. समितीत सॅम ह्यूज होते. पुढे हेच कॅनडाचे लष्करमंत्री झाले आणि शेवटपर्यंत रॉसचे कट्टर पाठीराखे राहिले. क्विबेक शहरात कारखाना निघाला आणि 1905 पासून रायफली बाहेर पडू लागल्या. थोड्याच काळात घोडेस्वार पोलिसांच्या सरावात एका रायफलचा बोल्ट मागे उडाला आणि चालवणाऱ्याचा डोळा गेला. पोलिसांनी ती रायफल बंद केली. रॉस सुधारणा करत राहिला. मार्क वन, मार्क टू, त्यांचे असंख्य पोटप्रकार, आणि मग मार्क थ्री.

मार्क थ्री ही खरोखर देखणी वस्तू आहे. नळी 77 सेंटिमीटर, एकूण लांबी सव्वा मीटरच्या वर. बोल्टच्या डोक्यावर साध्या लगऐवजी तोफेच्या मागच्या झाकणाला असतात तसे तुटक आटे. चेंबर एकदम घट्ट, काडतुसाला हलायला जागाच नाही. ह्या सगळ्याचा फायदा रेंजवर दिसला. इंग्लंडात बिस्लीला नेमबाजीची जत्रा भरते, तिथला किंग्ज प्राइझ म्हणजे नेमबाजांची पंढरी. 1911 आणि 1913 मध्ये तो कॅनडाच्या नेमबाजांनी रॉस रायफलवर जिंकला. रॉसने पॉइंट टू-एटी नावाचं वेगळं काडतूसही काढलं होतं. त्याची गोळी सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगाने सुटायची. लांबच्या टार्गेटवर तिने भल्याभल्यांना मागे टाकलं. (शिकारीत मात्र ती हलकी गोळी दगा द्यायची. ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांचे भाऊ जॉर्ज ग्रे 1911 मध्ये पूर्व आफ्रिकेत सिंहासमोर हीच रायफल घेऊन उभे राहिले आणि सिंहाच्या हल्ल्यात प्राणास मुकले.)

ह्या काळात रॉसच्या मनात काय चाललं असेल? आपण गो-नो-गो गेज लावून जॉब पास झाला की कसे खुश होतो, तसंच त्याचं झालं असणार. जगातल्या सगळ्यात कडक स्पर्धेत त्याचा जॉब पास झाला होता. आता कुणी तक्रार केली तर तो अडाणी किंवा जळणारा!

मग एप्रिल 1915 आला. बेल्जियममध्ये ईप्रजवळ 22 तारखेला जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला आणि कॅनडाच्या पहिल्या डिव्हिजनला तो वायू आणि मागून येणारे हल्ले अंगावर घ्यावे लागले. समोरून शत्रू येतोय, हातात बिस्ली जिंकलेली रायफल आहे, आणि बोल्ट मागे येत नाही. पोरं बुटाच्या टाचेने दांडीवर लाथा मारत होती, खंदक खणायच्या हत्याराने ठोकत होती. लढाईनंतर वाचलेल्या सुमारे 5,000 जणांपैकी 1,452 जणांनी आपली रॉस टाकून मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफील्ड उचलल्या होत्या, अशी नोंद आहे. सैनिकाने स्वतःचं हत्यार टाकून देणं हा गुन्हा. पण 1,452 जणांनी तो केला. ह्याहून स्पष्ट फीडबॅक फॉर्म कुठल्या इंजिनिअरला मिळाला असेल?

असं का झालं? मी हे समजायला सगळ्यात जास्त वेळ घालवला. कॅनडात बनलेली काडतुसं काटेकोर मापाची होती. युद्धात आली ब्रिटिश कारखान्यांची, घाईत बनवलेली, मापात सैल. ली-एनफील्डचं चेंबर ऐसपैस, तिला चालून गेली. रॉसच्या घट्ट चेंबरमध्ये ती पाचरीसारखी बसली. त्यात भराभर फायरिंगने नळी तापलेली, त्यात चिखल. साध्या बोल्टची दांडी वर उचलताना तरफेचा जोर मिळतो आणि अडकलेलं टरफल आधी सैल होतं. सरळ ओढीत तो जोर फार कमी, मनगटाऐवजी अख्खा दंड लावला तरी. आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे बोल्ट-स्टॉप. बोल्ट मागे आल्यावर जिथे थांबतो तो लोखंडाचा छोटासा तुकडा. तो बोल्टच्या मागच्या आट्यावर नेमका आपटायचा. आटे पुरेसे हार्डन केलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला कड थोडी दबायची, बर यायची आणि मग तो आटा आपल्या खाचेतच नीट शिरेना. म्हणजे सैनिक जितक्या जोरात बोल्ट ओढणार, तितकी रायफल जास्त बिघडणार! पुढे बोल्ट-स्टॉप मोठा केला, हीट ट्रीटमेंट सुधारली, चेंबर मोठी करून घेतली. पण विश्वास एकदा उडाला तो उडालाच.

जून 1915 मध्ये पहिल्या डिव्हिजनला ली-एनफील्ड मिळाल्या. बाकीच्यांना मात्र 1916 च्या उत्तरार्धापर्यंत थांबावं लागलं, कारण ह्यूज ऐकेनात. तक्रार करणाऱ्या जनरल ऑल्डरसनलाच बाजूला केलं गेलं. ह्या मधल्या वर्षाचा मला जास्त राग येतो. पहिली चूक समजू शकते, पण एवढी माणसं सांगत असताना रेंजवरची मेडल्स दाखवत बसणं समजत नाही. नोव्हेंबर 1916 मध्ये ह्यूजना पद सोडावं लागलं. 1917 मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला. रॉसला भरपाई मिळाली वीस लाख डॉलर.

आणि गंमत बघा, रॉस सोडायला नाखूश असलेले काही जण खंदकातच होते. ते म्हणजे स्नायपर. त्यांना मिनिटाला पंधरा गोळ्या झाडायच्या नसतात. निवडक काडतुसं, रोज साफसफाई, आणि दिवसभरात एखाद-दुसरी गोळी. ओजिब्वे जमातीचा फ्रान्सिस पेगामागाबो, कॅनडाचा सगळ्यात नावाजलेला स्नायपर, रॉसच वापरायचा.

रॉसचं पुढचं आयुष्य मी भराभर वाचून टाकलं. तो अमेरिकेत राहिला, ब्रिटनच्या आयकर खात्याशी वर्षानुवर्षं भांडला, तीन लग्नं केली, आणि 1942 मध्ये फ्लोरिडात वारला. मूलबाळ नव्हतं, बॅरोनेटची पदवी त्याच्याबरोबर संपली.

आता पार्टनरचं उत्तर. मी त्याला लिहिलं की रॉस वाईट नाही, पण पहिली म्हणून घेऊ नकोस. मार्क थ्रीच्या बोल्टचं डोकं चुकीच्या स्थितीत बसवूनही रायफल जोडता येते. मग ते आत लॉकच होत नाही आणि गोळी झाडताच बोल्ट तोंडावर येऊ शकतो. नंतरच्या कित्येक रायफलींत ते टाळायला रिव्हेट ठोकलेला असतो. आजोबांच्या रायफलला तो आहे का बघ, आणि असला तरी जाणकार बंदूक-कारागिराला दाखवल्याशिवाय हात लावू नकोस. बोल्ट बंद करताना डोकं फिरताना दिसलं पाहिजे. स्ट्रेट-पुलच हवी असेल तर पॉइंट टू-टूमध्ये घे. बायथलॉनचे खेळाडू बर्फात अंगठा आणि बोटाने जी चालवतात ती जर्मन अ‍ॅन्शुट्झ स्ट्रेट-पुलच आहे. काडतूस छोटं, दाब कमी, टरफल अडकायचा प्रश्न जवळजवळ नाहीच, आणि गोळ्या स्वस्त असल्याने सराव भरपूर होतो. मोठ्या काडतुसाची ओढ असेल तर स्वित्झर्लंडची के-31 पुढे कधीतरी. आणि घ्यायच्या आधी क्लबातून मागून दोन-तीन रायफली चालवून बघ, वीस-पंचवीस गोळ्या सलग झाड, गरम झाल्यावर बोल्ट कसा येतो ते बघ. थंड रायफलवर एक गोळी झाडून काही कळत नाही.

रिव्हेट होता म्हणे. तरी त्याने जुनी पॉइंट टू-टू घेतली, तीही साधी बोल्टची, कारण अ‍ॅन्शुट्झची किंमत ऐकून त्याला आपल्या सेमिस्टरची फी आठवली. रॉस आजोबांच्याच कपाटात आहे. रविवारी ते स्वतः शेजारी उभे राहून त्याला पाच गोळ्या झाडू देतात. परवा त्याने टार्गेटचा फोटो पाठवला. चार काळ्यात, आणि पाचवी शेजारच्या माणसाच्या टार्गेटवर.