संत थॉमस मोर : भित्र्या मनाचा निर्भय रक्तसाक्षी

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत एखाद्या संताचें चरित्र द्यावें असें ठरलें, तेव्हां आमच्या मनांत प्रथम वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचें नांव आलें. १५९७ सालीं जपानांतील नागासाकी येथें क्रूसावर प्राण अर्पण करणाऱ्या या वीराची कथा आपणां सर्वांस मुखोद्गत आहे. परंतु आजाऱ्यांच्या उशाशीं बसतांना आणि घरोघर आशीर्वाद देत फिरतांना आम्हांस एक तक्रार वारंवार ऐकूं आली आहे. आपणांस दुखण्याची, मरणाची, नोकरी जाण्याची, मुलाबाळांच्या भवितव्याची भीति वाटते. ज्याअर्थीं भीति वाटते, त्याअर्थीं आपला देवावर भरंवसा नाहीं, असा दोष हे भाविक लोक स्वतःस लावून घेतात. अशांच्या समाधानासाठीं, ज्यानें आपली भीति आपल्या माणसांपासून लपविली नाहीं, अशा एका प्रापंचिक संताचें चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थॉमस मोर यांचा जन्म इंग्लंडांत लंडन शहरीं १४७८ सालीं झाला. त्यांचे वडील कायदेपंडित असून पुढें न्यायाधीश झाले. बालपणीं थॉमस कांहीं काळ कार्दिनल मॉर्टन यांच्या वाड्यांत सेवेस होते. नंतर ऑक्सफर्ड येथें शिक्षण घेऊन त्यांनीं वडिलांचाच व्यवसाय पत्करला. तरुणपणीं त्यांच्या मनास संन्यस्त जीवनाची ओढ होती, व लंडनमधील कार्थुसियन मठाच्या सान्निध्यांत त्यांनीं कांहीं वर्षें प्रार्थनेंत व तपांत घालविलीं. परंतु आपला मार्ग प्रपंचाचा आहे असें ओळखून त्यांनीं विवाह केला. त्यांना तीन मुली व एक मुलगा अशीं चार अपत्यें झालीं. १५११ सालीं पत्नी निवर्तली, तेव्हां लहान मुलांस आई हवी म्हणून त्यांनीं ॲलिस नांवाच्या विधवेशीं लग्न केलें. त्या काळीं दुर्मिळ अशी गोष्ट त्यांनीं केली, ती ही कीं, मुलींसही मुलाप्रमाणेंच लॅटिन व ग्रीक शिकविलें. वडील कन्या मार्गारेट ही तर विद्वत्तेबद्दल नांवाजली गेली. त्यांचा ‘युटोपिया’ हा ग्रंथ १५१६ सालीं प्रसिद्ध होऊन युरोपभर त्यांची कीर्ति झाली. घरीं हास्यविनोद चाले. पण त्या उंची वस्त्रांखालीं ते प्रायश्चित्त म्हणून केसांचा खरखरीत सदरा घालीत, हें फार थोड्यांस ठाऊक होतें.

१५२९ सालीं आठव्या हेन्री राजानें त्यांस लॉर्ड चान्सेलर नेमलें. या अधिकारावर असतांना पाखंडाच्या आरोपावरून कांहीं माणसें जाळलीं गेलीं, आणि त्या कठोरपणाबद्दल मोर यांस आजही दोष दिला जातो. संत झाला तरी तो आपल्या काळाच्या उणिवांतून सर्वस्वीं सुटतो असें नाहीं; ही गोष्ट आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. इकडे राजास राणी कॅथरिन हिचा त्याग करून ॲन बोलीन हिच्याशीं लग्न करावयाचें होतें. पोपमहाशयांची अनुज्ञा मिळेना, म्हणून त्यानें इंग्लंडांतील ख्रिस्तसभेचें आधिपत्य आपणांकडे घेण्याचा घाट घातला. तेव्हां मोर यांनीं १५३२ च्या मे महिन्यांत अधिकाराचा राजीनामा दिला. मोठें उत्पन्न एकाएकीं बंद झालें, आणि भरलेल्या घरांत काटकसर करण्याची पाळी आली.

येथूनच त्यांच्या खऱ्या परीक्षेस आरंभ झाला. शारीरिक वेदनांची त्यांना फार धास्ती वाटे. चेल्सी येथील घरीं शेजारीं पत्नी निजली असतां ते रात्र रात्र जागे राहात, आणि पुढें काय काय ओढवेल याचा हिशेब अंधारांत करीत. पत्नीस वाटे, हेही झोपीं गेले आहेत. हें आम्ही कल्पनेनें लिहीत नाहीं. त्यांनीं स्वतःच मार्गारेटला तुरुंगांतून तसें कळविलें होतें.

१५३४ सालीं नवा कायदा झाला व प्रजाजनांकडून शपथ घेण्यास प्रारंभ झाला. ॲनच्या संततीस गादीचा हक्क मिळावा, यास मोर यांची हरकत नव्हती. परंतु राजाचें पहिलें लग्न खोटें ठरविणारी व पोपमहाशयांचा अधिकार नाकारणारी ती शपथ त्यांच्या विवेकबुद्धीस मान्य होईना. १३ एप्रिल रोजीं त्यांस लॅम्बेथ येथें बोलावणें आलें. एरवीं घरचीं माणसें त्यांस होडीपर्यंत पोहोंचवीत. त्या दिवशीं त्यांनीं कोणासही मागें येऊं दिलें नाहीं. फाटक स्वतःच्या हातानें ओढून घेतलें. थेम्स नदीवर होडींत ते बराच वेळ खिन्नपणें मुकाट बसले होते. मग जवळ बसलेल्या जांवयाच्या कानांत, लढाई जिंकली गेली याबद्दल देवाचे आभार, अशा अर्थाचे शब्द ते बोलले. लढाई राजाशीं नव्हती. ती होती मुलाबाळांच्या मायेशीं व स्वतःच्या भयाशीं.

शपथ नाकारल्यावर १७ एप्रिल रोजीं त्यांस लंडनच्या टॉवरांत कैद करण्यांत आलें. छातीचें दुखणें व पायांतील पेटके यांनीं शरीर जर्जर झालें होतें. तुरुंगांतील खाण्याचा खर्च भागविण्यासाठीं पत्नीवर आपले कपडे विकण्याची पाळी आली. मार्गारेटनें स्वतः शपथ घेतली होती, आणि बापानेंही ती घ्यावी म्हणून तिनें परोपरीनें विनविलें. राजाच्या धमकीपेक्षां या लेकीचे अश्रू त्यांस अधिक जड गेले असतील, असें आम्हांस वाटतें. आपण भित्रे आहों, हें त्यांनीं तिच्यापासून लपविलें नाहीं. तथापि, संत पेत्राप्रमाणें आपणही वाऱ्याच्या झपाट्यानें बुडूं लागलों, तर त्याच्याप्रमाणेंच ख्रिस्ताला हांक मारूं, आणि तो हात पुढें करील, असें त्यांनीं तिला लिहिलें. म्हणूनच त्यांनीं मरण ओढवून घेतलें नाहीं. कायद्यानें मौनास गुन्हा म्हटलें नव्हतें, तोंवर ते मौन राहिले. आपल्या बळाच्या घमेंडीनें पुढें धांवलों, तर देव त्याच घमेंडीसाठीं आपणांस पडूं देईल, हें भय त्यांस होतें. हें भय आम्ही पवित्र समजतों.

त्या कोठडींत त्यांनीं प्रभु येशूच्या गेथशेमनी बागेंतील दुःखावर लॅटिनमध्यें एक ग्रंथ लिहिला. त्यांच्या हस्ताक्षरांतील प्रत स्पेनांतील वॅलेन्सिया येथें आजही सुरक्षित आहे. त्यांचा मुख्य विचार असा, कीं कांहीं वीर आनंदानें मरणास सामोरे जातात, तो देवाचा प्रसाद होय; परंतु प्रभूनें स्वतः भय, कंटाळा व रक्ताचा घाम पत्करला, तो दुबळ्या जीवांसाठीं. भेदरलेल्या मेंढरानें धीर सोडूं नये; मेंढपाळ पुढें चालला आहे, त्याच्या वस्त्राचा कांठ धरून मागें चालावें. शिष्य झोपीं गेले असतां यहूदा मात्र जागा होता, हेंही त्यांनीं तेथें दाखवून दिलें आहे. येशूस धरतात त्या प्रसंगापाशीं हा ग्रंथ थांबतो.

१५३५ च्या ४ मे रोजीं कार्थुसियन संन्याशांस वधस्थानाकडे नेत असतां मोर यांनीं तें खिडकींतून पाहिलें. त्या वेळीं मार्गारेट जवळ होती. २२ जून रोजीं बिशप जॉन फिशर यांचा शिरच्छेद झाला. १ जुलै रोजीं मोर यांची चौकशी होऊन, रिचर्ड रिच याच्या साक्षीवरून ते राजद्रोही ठरले. निकाल लागल्यावर मात्र त्यांनीं मौन सोडलें, आणि कोणत्याही राज्याचा कायदा सार्वत्रिक ख्रिस्तसभेहून श्रेष्ठ होऊं शकत नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. टॉवरकडे परततांना मार्गारेट शिपायांच्या गर्दींतून घुसली आणि तिनें बापास मिठी मारली. थोडें दूर जाऊन ती पुन्हां परत आली. ६ जुलै रोजीं सकाळीं त्यांस वधस्तंभावर नेलें. पायऱ्या डळमळत होत्या, तेव्हां त्यांनीं चढण्यास आधार मागितला, व उतरतांना आपलें आपण पाहूं, अशी थट्टाही केली. राजाचे आपण निष्ठावंत सेवक, परंतु प्रथम देवाचे, असें जाहीर करून त्यांनीं मान पुढें केली. ज्या मनुष्यास वेदनेच्या नुसत्या विचारानें झोंप लागत नव्हती, त्यास ही थट्टा सुचली कशी? तें बळ त्यांचें नव्हतें. देवानें तें त्या सकाळीं दिलें, आदल्या रात्रीं नव्हे.

१८८६ सालीं त्यांस धन्यपदवी मिळाली व १९३५ सालीं त्यांची संतांत गणना झाली. २००० सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांस राजकारणी पुरुषांचे आश्रयदाते घोषित केलें.

प्रिय बंधुभगिनींनो, भीति वाटणें हें पाप नव्हे, आणि अविश्वासही नव्हे. भीतीमुळें कर्तव्याकडे पाठ फिरविणें, हेंच काय तें टाळावयाचें आहे. उद्यांचें बळ आज मागूं नये. आजचें पाऊल टाकावें, आणि अंधारांत छाती धडधडूं लागली म्हणजे प्रभूच्या वस्त्राचा कांठ चांचपून घट्ट धरावा. या महोत्सवाच्या वर्षीं आपल्या प्रत्येक घरास ही कृपा लाभो, अशी संत थॉमस मोर यांच्या मध्यस्थीनें आम्ही परमेश्वराजवळ प्रार्थना करितों.