ध्येय एकाचे, योजना अनेकांची

पांडवलेण्याच्या पायथ्याशी चित्रमहर्षी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. सहलीच्या निमित्ताने आपण विद्यार्थी तेथे जातो, घटकाभर हिंडतो आणि परततो. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब आपणां सर्वांना परिचित आहेत. १९६९ पासून त्यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कारही सर्वांना ठाऊक आहे. परंतु याच नाशकात उभ्या राहिलेल्या आपल्या कंपनीतून हा माणूस एके दिवशी राजीनामा देऊन बाहेर पडला, ही हकिकत मात्र फारशी सांगितली जात नाही. संस्थेचे ध्येय कोणी ठरवावे आणि त्याची योजना कोणी आखावी, हा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी ती अवश्य जाणून घ्यावी.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. छायाचित्रण, पुराणवस्तू खात्यातील नोकरी, लोणावळ्याचा छापखाना असे अनेक उद्योग त्यांनी केले. छपाईची यंत्रे व तंत्र यांसाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. छापखान्याचा जम बसत होता. पण तेथेही भागीदारांशी पटले नाही आणि त्यांनी तो सोडला. हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा.

१९११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला. आपल्या राम-कृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर याव्यात आणि त्या आपल्याच माणसांनी आपल्या देशात तयार कराव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. चाळिशी उलटलेल्या, उत्पन्नाचे साधन हातचे गेलेल्या संसारी माणसाने असे ध्येय धरावे, हे आप्तेष्टांना वेडच वाटले असेल. पण या वेडामागे हिशेब होता. कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे त्यांनी दिवसामागून दिवस, ठरलेल्या क्रमाने घेतली. रोप भराभर वाढताना पडद्यावर दिसले, तेव्हा भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. मोठे ध्येय आधी लहान प्रयोगात सिद्ध करून दाखवायचे, ही त्यांची पद्धत होती.

विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तेथे कॅमेरा घेतला, माहितगारांकडून तंत्र समजून घेतले आणि एप्रिलमध्ये ते मायदेशी परतले. दादरच्या घरी काम सुरू झाले. पत्नी सरस्वतीबाई कामावरच्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडीत. चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जाई, म्हणून नटांनी आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगावे, अशी युक्ती दादासाहेबांनी काढली. स्त्रीभूमिकेला कोणी बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. अशा रीतीने सुमारे ३७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला.

येथवर संस्था म्हणजे एक कुटुंब होते. ध्येय दादासाहेबांचे, योजना त्यांची, कर्जही त्यांचेच. त्याच वर्षी त्यांनी आपला मुक्काम नाशिकला हलविला. गोदावरीचे घाट, देवळे आणि त्र्यंबकचे डोंगर पौराणिक चित्रपटांना पार्श्वभूमी म्हणून आयतेच मिळाले. १९१४ मध्ये त्यांनी आपले चित्रपट लंडनला नेऊन दाखविले. तेथे राहून काम करण्याचे निमंत्रणही आले; पण ते त्यांनी नाकारले, कारण हा धंदा भारतात रुजवायचा हे त्यांचे ध्येय ठरलेले होते. त्यानंतर महायुद्ध पेटले, पैशाचे झरे आटले. तरीही १९१७ साली 'लंकादहन' पूर्ण झाला आणि त्याने लोकप्रियतेचा कळस गाठला.

आता काम एकट्याला पेलणारे राहिले नव्हते. १९१८ च्या आरंभी वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट प्रभृती भांडवलदारांशी भागीदारी होऊन हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी अस्तित्वात आली. व्यवस्थापन आपट्यांकडे आणि निर्मिती दादासाहेबांकडे अशी विभागणी झाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' हे चित्रपट निघाले. त्यांत बालकृष्ण झालेली त्यांची कन्या मंदाकिनी घरोघरी लाडकी झाली. कागदावर सर्व काही व्यवस्थित होते.

तरीही वर्ष-दीड वर्षातच खटके उडू लागले. खर्च आटोक्यात असावा, चित्रपट वेळेवर हाती पडावेत, ही भागीदारांची अपेक्षा होती. चित्र मनासारखे उतरेपर्यंत त्याला हात लावू नये, पैशाचा विचार मागाहून करावा, ही दादासाहेबांची वृत्ती. आपण सहज दादासाहेबांची बाजू घेतो. पण ज्याने पैसा घातला त्याने हिशेब मागावा, यात गैर काय? आणि ज्याने हा धंदा शून्यातून उभा केला त्याला दर फुटाचा जाब द्यावा लागावा, हेही दुःखदच नव्हे काय? दोष एका पक्षाचा नव्हता. वर्षाला किती चित्रपट, किती खर्चात, कोणत्या दर्जाचे, हे सर्वांनी एकत्र बसून मनापासून ठरविले नव्हते, असे मला वाटते. कामाची वाटणी झाली होती. ध्येयाची झाली नव्हती.

१९१९ मध्ये दादासाहेबांनी राजीनामा दिला आणि ते सहकुटुंब काशीला गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले. कंपनीचे चित्रपट निघतच राहिले, पण त्यांना पूर्वीची झळाळी नव्हती. अच्युत बळवंत कोल्हटकरांनी आपल्या 'संदेश' पत्रातून त्यांना परत येण्याची गळ घातली. अखेर १९२२ मध्ये ते नाशिकला, त्याच कंपनीत, वेतनावर निर्मितीप्रमुख म्हणून परतले. जी कंपनी आपल्यामुळे जन्मली तिच्यात पगारी म्हणून पाऊल टाकताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. परंतु एक गोष्ट दोन्ही पक्षांना कळून चुकली होती : कलावंतावाचून कंपनी निस्तेज होते आणि कंपनीवाचून कलावंत रिकामा राहतो.

उत्तरायुष्यात काळानेही त्यांची परीक्षा पाहिली. 'सेतुबंधन' हा मोठा मूकपट त्यांनी हाती घेतला; तो पैशाअभावी रखडला आणि दरम्यान १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला. मूकपट म्हणून सुरू झालेल्या त्या चित्राला मागाहून आवाज जोडावा लागला. वाटाण्याच्या रोपाचा दिवस न् दिवस मोजणाऱ्या दादासाहेबांना बदलत्या काळाचा वेग मात्र मोजता आला नाही. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट केला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

गॅदरिंगच्या कमिटीत काम केलेल्यांना ही कथा परकी वाटू नये. नाटक बसविणाऱ्याला आणखी चार तालमी हव्या असतात, खजिनदाराला जमाखर्च जुळवायचा असतो, आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. ध्येय एकाच्या मनात उगवते, हे खरेच. पण संस्था उभी राहिली की ते सर्वांच्या मनात उतरवावे लागते, नाहीतर योजना वहीतच राहते. पुढच्या खेपेस पांडवलेण्याला जाल तेव्हा स्मारकापाशी दादासाहेबांबरोबरच हिशेब मागणाऱ्या त्या भागीदारांचीही आठवण करा, आणि कोणतीही तक्रार न करता रात्ररात्र फिल्मला भोके पाडणाऱ्या सरस्वतीबाईंनाही मनोमन नमस्कार करा.