हरिभाऊ आपटे : साप्ताहिक लेखनाचे बंधन आणि लेखनाची गोडी

हरिभाऊ आपटे यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळ समीक्षक सामान्यतः साप्ताहिक प्रकाशनाच्या माथी मारतात. आठवड्याच्या आठवड्याला मजकूर द्यावयाचा, म्हणून लेखणी सैल सुटली, असा हा युक्तिवाद आहे. तो निराधार नाही. परंतु ज्या बंधनाने एखादा लेखक थकून गेला असता, त्यातच हरिभाऊ पाव शतक कसे रमले, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना चिपळूणकर, टिळक व आगरकर यांच्यासारखे शिक्षक लाभले. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री निवर्तले, तेव्हा या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ हे शोककाव्य रचले. पुढे महाविद्यालयात गणिताने त्यांची वाट अडविली आणि पदवी हाती आली नाही. मराठी कादंबरीच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच म्हणावी लागेल. काका महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ मध्ये स्थापिलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था त्यांनी पाहिली.

पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ पासून ‘पुणेवैभव’ पत्रातून क्रमशः निघू लागली. तीवर रेनॉल्ड्सची छाया स्पष्ट आहे. म्हणजे हप्त्याहप्त्याने लिहिण्याचा सराव त्यांना आरंभापासूनच होता. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिक काढले, तेव्हा मात्र परिस्थिती पालटली. आता मजकूर मागणारा संपादक व तो देणारा लेखक एकच. मुदत चुकली तर गाऱ्हाणे सांगावयाचे कोणाकडे?

या पत्राच्या पहिल्याच पर्वात दोन अगदी भिन्न कादंबऱ्या शेजारी शेजारी चालल्या होत्या. ‘म्हैसूरचा वाघ’मध्ये टिपूच्या काळातील धामधूम होती, तर ‘पण लक्षांत कोण घेतो’मध्ये मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील यमू आपली हकीकत सांगत होती. पहिलीचा आधार मेडोज टेलरचा. दुसरीचा आधार भोवतालच्या माजघरांचा. एका विषयाने आलेला शीण दुसऱ्या विषयाने घालविण्याची ही रीत पुढेही दिसते. ‘आजकालच्या गोष्टी’ या मालेतील सामाजिक कादंबरी व ऐतिहासिक कादंबरी यांची लेखने पुष्कळदा एकमेकांत गुंतलेली आहेत. शिवाय स्फुट गोष्टी होत्याच. हरिभाऊंचा उत्साह टिकला त्याचे एक कारण या पालटात शोधावे, असे आम्हांस वाटते.

यमूच्या बाबतीत मात्र हप्त्याचे बंधन कलेच्या पथ्यावरच पडले. सासरमाहेरचे लहानसहान प्रसंग, वैधव्य आणि केशवपनाचा आघात हे सारे तिच्याच तोंडून १८९३ पर्यंत सावकाश उलगडत गेले. एवढा काळ दर आठवड्यास भेटणारी ही मुलगी वाचकांच्या घरातली झाली असल्यास नवल नाही. येथे ज्याला पाल्हाळ म्हणतात, ते बव्हंशी तिच्या बोलण्याचे स्वाभाविक वळण आहे. ‘उषःकाल’ (१८९५–९७) पुरी होत असता पुण्यात प्लेगने थैमान घातले होते, तरी ती कादंबरी तडीस गेली.

सगळ्याच तडीस गेल्या नाहीत. ‘गणपतराव’, ‘आजच’, ‘मायेचा बाजार’, ‘कर्मयोग’ या सामाजिक कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. वाढत्या सार्वजनिक कामांकडे बोट दाखविणे सोपे आहे. पुणे नगरपालिकेचे काम त्यांनी पत्करले होते, तिचे अध्यक्षपदही भूषविले; १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. पण ‘गणपतराव’ तर या व्यापांपूर्वीची. आणि १९१३ मध्ये सुरू झालेल्या दोन कादंबऱ्यांपैकी विजयनगरच्या विनाशावरील ‘वज्राघात’ १९१५ मध्ये पूर्ण झाली, ‘कर्मयोग’ १९१७ पर्यंत रेंगाळून थांबली. वेळ दोहींनाही एकच होता. विजयनगरचा शेवट इतिहासाने ठरवून दिलेला होता; समकालीन ध्येयवादी तरुणाचे पुढे काय होते, हे लेखकाला आपल्या काळाकडूनच समजावयाचे होते, आणि तो काळ अद्याप घडत होता. ‘सूर्यग्रहण’ ही ऐतिहासिक असूनही अपुरी राहिली, हे या उपपत्तीच्या आड येते खरे. म्हणून ती सरसकट लागू करता येणार नाही.

३ मार्च १९१९ रोजी हरिभाऊंचे पुण्यात निधन झाले. ‘कर्मयोग’ तेव्हाही अपुरीच होती.