गर्दुल्ल्यांना पेशंट मानणाऱ्या डॉ. अनिता अवचट कोण होत्या?

बिडकीनमधल्या एखाद्या घरात नवऱ्याची किंवा मुलाची दारू सुटत नसेल, तर पहिला प्रश्न पडतो तो न्यायचं कुठे? राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. येरवडा म्हणजे पुणे, बिडकीनपासून दोनशे किलोमीटरहून लांब. त्याच येरवड्यातल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. ते उभं करणाऱ्या डॉक्टरविषयी मात्र फारसं माहीत नसतं.

डॉ. अनिता अवचट. घरात आणि मित्रमंडळींत त्या सुनंदा. लेखक अनिल अवचट यांच्या पत्नी, अशी त्यांची ओळख करून दिली जाते; ती अपुरी आहे. दोघंही डॉक्टर. पुढे अनिल अवचट लेखनाकडे वळले आणि घर चालवण्याचा भार अनिता यांनी घेतला. त्यांची सरकारी नोकरी होती येरवड्याच्या मनोरुग्णालयात, मानसोपचारतज्ज्ञ म्हणून.

तेव्हा देशात १९१२चा वेड्यांबाबतचा इंग्रजी कायदाच लागू होता. मनोरुग्णालय म्हटलं की उंच भिंती, मॅजिस्ट्रेटचा आदेश आणि नातेवाइकांनी फिरवलेली पाठ. व्यसनी माणसाला तर तिथेही जागा नव्हती.

१९८०च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजेच गर्द, शहरांत पसरली. काही आठवड्यांत शरीराला तिची सवय लागते. ती मिळाली नाही की अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. व्यसनींच्या भाषेत ही टर्की. ती टाळायला पोरं घरातली भांडीही विकायची. पोलिसांना त्यात चोर दिसायचा, घरच्यांना कुळाला लागलेला डाग. अनिता यांनी त्यात आजारी माणूस पाहिला.

अनिल अवचट यांनी गर्दवर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली. २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं.

वेगळं काय केलं?

औषधांनी टर्की उतरते, पण घरी गेल्यावर पुन्हा ओढावंसं वाटतं त्याचं काय? यासाठी पेशंटला काही आठवडे ठेवून गटात बोलतं करणं, कामाला लावणं आणि नंतर फॉलोअपला बोलावणं, अशी पद्धत बसवली गेली. सगळ्यात धाडसाचं पाऊल म्हणजे बरे झालेले पेशंटच तिथले कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच, त्यामुळे ही सोय होतीच. शिवाय ज्याने स्वतः थापा मारून ओढलं आहे, त्याला थाप मारणं अवघड!

बायकांसाठी सहचरी गट सुरू झाला. नवरा पितो यात आपलीच चूक, असं मानून वर्षानुवर्षं गप्प राहिलेल्या बायकांना तिथे बोलता येऊ लागलं. पेशंट पुन्हा घसरला तर त्याला दार बंद नव्हतं. आज हे साधं वाटेल. पण तेव्हा घसरलेल्या माणसाला परत घेणं म्हणजे लाड करणं, असंच बहुतेकांना वाटायचं.

त्यांना कॅन्सर झाला. आजारपणातही त्या काम करत राहिल्या. १९९७ मध्ये त्यांचं निधन झालं. पुढे मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी मुक्तांगणची धुरा घेतली. गर्दसाठी सुरू झालेल्या केंद्रात दारूचे पेशंट मोठ्या संख्येने येऊ लागले.

आता काय सोय आहे?

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून होणारे मानसिक विकार आजाराच्या व्याख्येत आणले. सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा आता हक्क आहे. १९९६ला सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा हेतूही हाच की लांबच्या मनोरुग्णालयाऐवजी जिल्ह्यातच उपचार मिळावेत.

एक खबरदारी मात्र हवी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवावं. टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत असून तिथे मराठीत बोलता येतं. पेशंट तयार नसेल तर घरच्यांनीही फोन करायला हरकत नाही.