ओहमसाहेब आणि म्हाताऱ्या गाडीचं वायरिंग

व्ही इज इक्वल टू आय आर. फर्स्ट इयरला बेसिक इलेक्ट्रिकलच्या पहिल्या आठवड्यात हे समीकरण फळ्यावर येतं, जर्नलमध्ये ग्राफ सरळ रेषेत काढला जातो, आणि सबमिशन झालं की संपलं. ज्याच्या नावाचा हा नियम आहे तो माणूस कोण होता, हे कुठल्याच पेपरला विचारत नाहीत. म्हणून हा लेख. यात जुन्या गाड्याही येणार आहेत, कारण लाख-दीड लाख किलोमीटर पळालेल्या गाडीचं वायरिंग तपासण्याची जी खरी पद्धत आहे, ती सरळ याच माणसाच्या डोक्यातून आलेली आहे. (माझं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, तेव्हा 'रोध' न म्हणता मी रेझिस्टन्सच म्हणणार, चालवून घ्या.)

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. शाळा फारशी न शिकलेले, पण स्वतः वाचून गणित आणि विज्ञान शिकलेले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. त्याला आणि धाकट्या मार्टिनला वडिलांनी घरीच गणित शिकवलं, आणि इतकं चांगलं शिकवलं की एर्लांगेनच्या प्राध्यापक लांग्सडॉर्फ यांनी मुलांची परीक्षा घेतली तेव्हा त्यांना बर्नूली घराण्याची आठवण झाली. मार्टिनही पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. गणिताइतकीच वडिलांकडून आलेली दुसरी गोष्ट म्हणजे हाताचं कसब. धातू कापणं, तार ओढणं, बारीक जोड बसवणं हे त्या घरात रोजचं होतं. पुढे प्रयोगाची उपकरणं ओहम स्वतः बनवू शकला ते यामुळेच.

१८०५ मध्ये ओहम युनिव्हर्सिटीत गेला आणि तिथे त्याने काय केलं? डान्स, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स! तीन सेमिस्टरनंतर वडील इतके भडकले की पोराचं शिक्षण थांबवून त्याला स्वित्झर्लंडला धाडलं, एका शाळेत गणित शिकवायला. आपल्याकडेही असे वडील आहेत, फक्त स्वित्झर्लंडचं तिकीट काढत नाहीत. तिथे शिकवता शिकवता त्याने ऑयलर, लाप्लास वगैरे मंडळींची पुस्तकं एकट्याने वाचून काढली. १८११ मध्ये परत येऊन डॉक्टरेट मिळवली. युनिव्हर्सिटीतली नोकरी पोटापुरतीही नव्हती, ती सोडली. मग बाम्बर्गच्या एका शाळेत लागला, तर १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली. शेवटी १८१७ मध्ये कोलोनच्या जेझुइट शाळेत गणित आणि फिजिक्सचा शिक्षक म्हणून स्थिर झाला. तिथली प्रयोगशाळा चांगली होती. इथून खरी गोष्ट सुरू होते.

प्रश्न साधा होता. एकाच धातूची, एकाच जाडीची तार लांब केली की करंट किती कमी होतो? १८२५ मध्ये त्याने व्होल्टाच्या सेलवर प्रयोग केले आणि एक सूत्र छापलं, त्यात लॉगरिदम होता. ते सूत्र चुकीचं होतं. गणितात चूक नव्हती, चूक सेलमध्ये होती. त्या काळचा सेल जोडल्या जोडल्या जोरात असायचा, करंट घेतला की बसायचा, थोडा वेळ सोडला की पुन्हा उठायचा. म्हणजे मोजायचं तारेला आणि बदलतोय सेल! पोगेंडॉर्फ या संपादकाने त्याला सल्ला दिला की सेल सोड, सीबेकचा थर्मोकपल वापर.

म्हाताऱ्या गाडीच्या बाबतीत हीच पहिली पायरी आहे. गाडी नीट स्टार्ट होत नाही म्हणून लोक वायरी उपसायला लागतात आणि बॅटरी मात्र रिकामी बसलेली असताना मोजतात. साडेबारा व्होल्ट दाखवले की बॅटरी पास. ती सेल्फ मारताना किती खाली जाते ते बघितलंच जात नाही. बॅटरी लोडवर टिकते की नाही हे आधी ठरलं नाही, तर पुढची सगळी रीडिंग ओहमच्या १८२५ च्या रीडिंगसारखीच असतात.

ओहमने मग तांबं आणि बिस्मथ यांचा थर्मोकपल केला. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक कायम, म्हणून दाबही कायम. करंट मोजायला टांगलेली चुंबकसुई. करंटने ती वळली की वरून पीळ देऊन मूळ जागी आणायची आणि पीळ किती अंशांचा लागला ते लिहायचं. जानेवारी १८२६ मध्ये त्याने सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या, २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत. निघालेलं सूत्र असं, की करंट म्हणजे एक ठरावीक संख्या भागिले (बी अधिक तारेची लांबी). यातला बी मला सगळ्यात आवडतो. पाठ्यपुस्तकात तो गायब केला जातो. तपासायची तार सोडून उरलेल्या सर्किटचा जो रेझिस्टन्स असतो, तो हा बी. गाडीत बी म्हणजे बॅटरीच्या आतला रेझिस्टन्स, पांढरी पावडर धरलेलं टर्मिनल, गंजलेला बोल्ट, इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी. नव्या गाडीत तो जवळजवळ शून्य. गाडी म्हातारी होते म्हणजे इलेक्ट्रिकलच्या भाषेत तिचा बी वाढतो.

१८२६ मध्येच अर्ध्या पगारावर रजा घेऊन ओहम बर्लिनला भावाकडे गेला आणि १८२७ मध्ये त्याचं पुस्तक आलं, गॅल्व्हॅनिक सर्किटचं गणित मांडणारं. फूरियेने उष्णता सळईतून कशी वाहते याचं गणित केलं होतं, तसंच ओहमने विजेचं केलं. त्या काळी अँपिअरसारखे मोठे लोकसुद्धा समजत होते की विजेचा ताण हा सर्किट उघडं असतानाचा विषय, आणि सर्किट जोडलं की फक्त करंटचा विषय. ओहम म्हणाला की नाही, चालू सर्किटमध्येही ताण असतो आणि तो तारेच्या लांबीवर हळूहळू उतरत जातो. जिथे रेझिस्टन्स जास्त, तिथे उतार तीव्र.

इथे जरा थांबू, कारण गॅरेजमधला अर्धा गोंधळ नेमका इथेच आहे.

इंजिनशेजारचं वायरिंग रोज तापतं आणि रोज गार होतं. एक्झॉस्टजवळचं इन्शुलेशन कडक होऊन बिस्किटासारखं तुटतं. ब्रॅकेटच्या कडेला घासून तांबं उघडं पडतं. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की पिनांवर हिरवा थर येतो. उंदरांचं तर विचारूच नका. वर टेप गुंडाळलेला असल्यामुळे बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि गाडी खड्ड्यात आदळली, तापली किंवा भिजली तरच दुखणं दिसतं. मेकॅनिककडे नेली की गायब.

समजा हेडलाइट मंद आहे. ५५ वॅटचा बल्ब, म्हणजे साधारण साडेचार अँपिअर आणि गरम असताना २.६ ओहम. वाटेत एका कुजक्या पिनेत अर्धा ओहम आहे. बल्ब काढून होल्डरवर मल्टिमीटर लावला तर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स सहसा एक कोटी ओहम असतो. तो करंट जवळजवळ घेतच नाही, मग अर्ध्या ओहमवर काय उतरणार? बल्ब लावला की त्याच पिनेवर जवळजवळ दोन व्होल्ट उतरतात. म्हणून जुन्या वायरमनची बल्बची टेस्ट लॅम्प कधीकधी महागड्या मीटरपेक्षा खरं बोलते. ती करंट घेते! (सेन्सर आणि ईसीयूच्या वायरींना मात्र ती लावू नये, आत काहीतरी उडायचं.)

सेल्फच्या केबलचं तर आणखी गमतीचं आहे. सेल्फ मोटर १५० अँपिअर घेते असं धरा. बोल्टजवळ फक्त ०.०२ ओहमचा गंज आहे. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्सच याच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे ओहमच्या रेंजवर हा गंज सापडणारच नाही. पण सेल्फ मारताना त्याच जागी ३ व्होल्ट उतरतात. उपाय असा. मीटर व्होल्टवर ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या गुंडीवर (क्लॅम्पवर नाही, गुंडीवर), दुसरं सेल्फच्या टर्मिनलवर. मित्राला सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष याच वाटेत आहे. मग एकेक जोड मागे येत, गुंडी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबल, असं मोजायचं. जिथे आकडा उडी मारतो तिथे पाना लावायचा. हेच अर्थच्या बाजूला, बॅटरीची निगेटिव्ह गुंडी ते इंजिन ब्लॉक. तिथे ०.२ व्होल्टच्या वर गेलं की पट्टी काढून घासून बसवायची.

आणि हे केलं नाही तर? ३ व्होल्ट गुणिले १५० अँपिअर म्हणजे ४५० वॅट, रूमवर चोरून वापरल्या जाणाऱ्या छोट्या कॉइलएवढी उष्णता एका बोल्टवर, तेही तेल आणि पेट्रोलच्या शेजारी. गाड्या पेटण्याच्या बातम्या आपण वाचतोच. दुसरं नुकसान खिशाचं. इंजिनच्या तापमान सेन्सरच्या वायरीत रेझिस्टन्स वाढला की ईसीयूला इंजिन आहे त्यापेक्षा थंड वाटतं (त्या सेन्सरचा रेझिस्टन्स थंडीत वाढतो), म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो, काळा धूर येतो. मालक सेन्सर बदलतो, मग प्लग, मग कोणीतरी ईसीयूच सांगतो. दोष मात्र एका हिरव्या पिनेत.

तर असं काम करणाऱ्या माणसाचं त्याच्या काळात काय झालं? कौतुक नाहीच. जर्मनीतल्या बऱ्याच मंडळींना फिजिक्समध्ये इतकं गणित नको होतं. पोल नावाच्या समीक्षकाने पुस्तकावर कडक टीका केली. ओहमला आशा होती की या पुस्तकावर युनिव्हर्सिटीत जागा मिळेल. मिळाली नाही, आणि १८२८ मध्ये त्याने कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये शिकवण्याची मिळतील ती कामं. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये प्राध्यापकी मिळाली, म्हणजे शेवटी आपल्यासारख्याच मुलांना शिकवायला तो आला. लग्न केलंच नाही.

एक मजेची गोष्ट. इंग्लंडच्या कॅव्हेंडिशला हाच संबंध ओहमच्या बराच आधी सापडला होता, तोही स्वतःच्या अंगाला शॉक देऊन, त्याच्या जोरावरून करंट ठरवून! पण त्याने तो छापलाच नाही. मॅक्सवेलने ते कागद १८७९ मध्ये बाहेर काढले. तोपर्यंत नाव ओहमचं झालं होतं.

मान बाहेरून आला. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली मेडल दिलं आणि त्याच वर्षी पुस्तक इंग्रजीत आलं. तारायंत्राच्या लांबच लांब तारा टाकणाऱ्यांना तर त्याच्या गणिताशिवाय गत्यंतर नव्हतं. युनिव्हर्सिटीतली प्राध्यापकाची जागा, जिच्यासाठी त्याने कोलोन सोडलं होतं, ती म्युनिकमध्ये १८५२ साली मिळाली. तेव्हा तो ६३ वर्षांचा होता. ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. १८८१ च्या पॅरिसच्या परिषदेने रेझिस्टन्सच्या एककाला त्याचं नाव दिलं. इंग्रजी ओ शून्यासारखा दिसतो म्हणून त्याची खूण ग्रीक ओमेगा. मल्टिमीटरच्या नॉबवर ती खूण आहेच, पण त्या रेंजवर जायच्या आधी गाडीची बॅटरी काढा, आणि सेल्फच्या केबलसाठी नॉब व्होल्टवरच राहू द्या.