कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

इरावती कर्वे म्हटले की मराठी वाचकाला आठवते ते ‘युगान्त’. पण इरावतीबाईंचे पहिले मोठे संशोधन महाभारतावर नव्हते, ते माणसाच्या कवटीवर होते. जनुकांमध्ये फेरफार करण्याचे फायदे-तोटे मोजताना आज ते आठवावे असे आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या म्यिंज्यान येथे झाला. तिथल्या इरावडी नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. वडील गणेश हरी करमरकर तिकडे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. मुलीला सातव्या वर्षी पुण्यात हुजूरपागेत घातले आणि ती वाढली रँग्लर परांजप्यांच्या घरी. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवी, मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी विवाह आणि १९२८ च्या अखेरीस जर्मनी, असा तो प्रवास. परदेशी जायला महर्षींची फारशी संमती नव्हती. पैशांची सोय डॉ. जीवराज मेहता यांच्या कर्जातून झाली.

बर्लिनमधली ती संस्था वर्षभरापूर्वीच सुरू झालेली होती. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र हे तिचे विषय. सुप्रजनन म्हणजे ‘उत्तम’ माणसांनाच मुले व्हावीत आणि ‘हीन’ ठरवलेल्यांना होऊ नयेत, असा विचार. इंग्लंड-अमेरिकेतही तेव्हा त्याला विज्ञान म्हणून मान होता. संस्थेचे प्रमुख ऑयगेन फिशर हेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात. हा फरक गोऱ्या युरोपीय वंशात अधिक असतो आणि त्याचा संबंध बुद्धीशी आहे, असा फिशर यांचा तर्क होता. तो तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले.

त्यांनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत वसाहतींतून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या कवट्याही होत्या. बाजूंमधला फरक सगळीकडेच दिसला, पण त्याचा वंशाशी संबंध काही जुळेना. परक्या देशात, कर्ज काढून आलेल्या विद्यार्थिनीने खुद्द मार्गदर्शकाच्या तर्काविरुद्ध जाणारा निष्कर्ष प्रबंधात लिहिला. पीएच.डी. मिळाली आणि त्या मायदेशी परतल्या.

मागे बर्लिनमध्ये काय झाले? १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी आनुवंशिक आजार असल्याचे ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करणारा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे ४ लाख माणसे त्याखाली भरडली गेली. फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. युद्धाच्या काळात ऑशविट्झच्या छळछावणीतून मेंगेले याच संस्थेकडे नमुने पाठवत होता.

इरावतीबाईंनी मोजमापाचा नाद सोडला नाही. मुंबईत महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केल्यावर १९३९ पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. खेड्यापाड्यांत, डोंगरांत हिंडून त्या माणसांची मापे घेत, पुढे रक्तगटही तपासत. कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह केलेला महाराष्ट्रातल्या आठ समान दर्जाच्या जातींचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका नावाखाली मोडणाऱ्या पोटजातीही शरीराने एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या असतात, असे त्यात दिसले. मात्र या फरकांवरून कोणाला श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवायचे त्यांना मान्य नव्हते. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तीनच वर्षांत शास्त्रज्ञांनी एका जीवाचे जनुक दुसऱ्यात घालून दाखवले. आज बिबवेवाडीतल्या औषधाच्या दुकानात मिळणारे मानवी इन्सुलिन जनुक बदललेल्या जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून बनवून घेतलेले असते. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलचा आजार मोठा आहे आणि तो होतो हिमोग्लोबिनच्या जनुकातले एकच अक्षर बदलल्याने. या आजारावर रुग्णाच्याच पेशींतल्या जनुकांत फेरफार करणाऱ्या उपचाराला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली. तो अजून प्रचंड महाग आहे, पण मार्ग खुला झाला आहे.

धोका पुढच्या पायरीवर आहे. रुग्णाच्या रक्तपेशीत केलेला बदल त्याच्यापुरता राहतो. गर्भात केलेला बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो, चुकला तरी उतरतो. २०१८ मध्ये चीनमधील हे जियानक्वी या संशोधकाने असे बदल केलेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचे जाहीर केले आणि त्याला तुरुंगवास झाला. भारतातही माणसात असा वंशपरंपरेने जाणारा बदल करण्यास मार्गदर्शक नियमांनी मनाई आहे.

सिकलसेलची वेदना कमी करावी, याबद्दल वाद नाही. पण रंग, उंची किंवा बुद्धी ‘सुधारण्याची’ मागणी आली, तर चांगले कोणते हे कोण ठरवणार? फिशर यांनी ते आधीच ठरवून टाकले होते आणि कवट्यांनी त्याला दुजोरा द्यावा एवढीच त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या खरोखर मोजून पाहिल्या. जनुकांची कात्री हाती आलेल्या पिढीलाही तेवढी सचोटी लागणार आहे.