दुवा, धीर आणि उद्योग : सर सय्यद अहमद खान यांचे जीवन



शाळेत निकालाचा दिवस हा शिक्षकाच्याही परीक्षेचा दिवस असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी एक माता आपल्या मुलाचे गुणपत्रक हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मुलगा दोन विषयांत नापास झाला होता. तिने मुलाला दोष दिला नाही, शाळेलाही दिला नाही. तिने एवढेच विचारले की, मी वर्षभर पाच वेळच्या नमाजीनंतर त्याच्यासाठी हात पसरले, नफिल रोजे ठेवले, मग अल्लाहने माझे ऐकले का नाही? त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. फेरपरीक्षेच्या अर्जाची माहिती सांगून मी तिला निरोप दिला. परंतु तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. पुढे सर सय्यद अहमद खान यांचे चरित्र वाचताना त्या प्रश्नाचे उत्तर मला थोडेफार सापडले असे वाटते. म्हणून त्या थोर पुरुषाचे जीवन या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांपुढे ठेवीत आहे.

सर सय्यद यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्ली येथे झाला. घराणे प्रतिष्ठित होते व मोगल दरबाराशी त्याचा संबंध होता. मात्र तो दरबार तोवर नावापुरताच उरला होता. वडील मीर मुत्तकी हे विरक्त वृत्तीचे होते, त्यामुळे मुलांना वळण लावण्याचे काम मुख्यतः माता अजीजुन्निसा बेगम यांनी केले. या मातेच्या दोन गोष्टी प्रत्येक पालकाने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. लहानपणी एकदा सय्यदने घरातील एका वृद्ध नोकराला थप्पड मारली. मातेने तत्काळ त्याला घराबाहेर काढले. तीन दिवस मावशीच्या घरी राहिल्यावर, त्या नोकराची हात जोडून क्षमा मागितली तेव्हाच त्याला घरात प्रवेश मिळाला.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. सय्यद यांचे थोरले बंधू भर तारुण्यात वारले. मातेचे डोळे वाहत होते, पण तोंडातून तक्रारीचा शब्द निघाला नाही. अल्लाहची मर्जी म्हणून ती नमाजीला उभी राहिली. त्याच सुमारास नात्यातील एका मुलीचे लग्न ठरलेले होते व या दुःखामुळे ते पुढे ढकलण्यात येणार होते. ही माता स्वतः त्या घरी गेली आणि लग्न ठरल्या दिवशीच करावे असा आग्रह धरला. नवस, गंडे, ताईत यांवर तिचा विश्वास नव्हता. मागायचे ते अल्लाहजवळ आणि करायचे ते आपल्या हातांनी, ही तिची शिकवण होती. मुलाच्या पुढील साऱ्या आयुष्याचा पाया तिने असा घातला.

१८३८ मध्ये वडिलांचे निधन झाले. घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली आणि सय्यद अहमद यांनी ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी पत्करली. १८४१ मध्ये ते मैनपुरी येथे मुन्सफ झाले. नोकरी सांभाळून त्यांनी दिल्लीतील जुन्या इमारतींचा अभ्यास केला. उंच मिनारावरील लेख वाचण्यासाठी ते दोरांनी बांधलेल्या टोपलीत बसून वर जात असत. या परिश्रमातून १८४७ मध्ये ‘आसारुस्सनादीद’ हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ तयार झाला.

१८५७ साली ते बिजनौर येथे न्यायखात्यात होते. त्या वर्षी उत्तर हिंदुस्थानात जो वणवा पेटला त्यात त्यांचे आप्तस्वकीय मारले गेले, घर लुटले गेले. दिल्लीस पोहोचल्यावर त्यांना आपली वृद्ध माता एका सईसाच्या कोठडीत आढळली. घोड्यांच्या दाण्यावर तिने दिवस काढले होते व पिण्यास पाणीही उरले नव्हते. मुलाने तिला मेरठला आणले, परंतु थोड्याच दिवसांत तिचे देहावसान झाले.

या आघाताने सय्यद अहमद इतके खचले की देश सोडून मिसर देशी जाऊन राहावे असा विचार त्यांच्या मनात आला. सरकारने निष्ठेबद्दल एक मोठी जहागीर देऊ केली, ती त्यांनी नाकारली. आपल्याच लोकांच्या नाशावर आपण संपन्न व्हावे हे त्यांच्या मनाला पटले नाही. अखेर त्यांनी देशातच राहण्याचे ठरविले. मुसलमान समाज शिक्षणाशिवाय पुन्हा उभा राहणार नाही, हा निश्चय त्याच काळात त्यांच्या मनात पक्का झाला.

येथून त्यांच्या प्रतीक्षेला प्रारंभ झाला असे म्हणता येईल. १८५९ मध्ये त्यांनी मुरादाबाद येथे शाळा काढली. १८६१ मध्ये पत्नीचे निधन झाले. त्या वेळी ते चव्वेचाळीस वर्षांचे होते, पण त्यांनी दुसरा विवाह केला नाही. १८६४ मध्ये गाझीपूर येथे त्यांनी सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. इंग्रजीतील शास्त्रीय व ऐतिहासिक ग्रंथ उर्दूत आणणे हा तिचा उद्देश होता. त्याच वर्षी त्यांची बदली अलीगढला झाली व सोसायटीही तेथे आली.

१८६९ मध्ये मुलगा सय्यद महमूद यास विलायतेत शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली. तेव्हा सर सय्यद यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले, ग्रंथसंग्रह विकला आणि मुंबईहून आगबोटीने ते मुलांसह इंग्लंडला गेले. केंब्रिज विद्यापीठ पाहून त्यांच्या मनातील कल्पनेला आकार आला. १८७० च्या अखेरीस परत येताच त्यांनी ‘तहजीबुल अखलाक’ हे नियतकालिक सुरू केले. १८७३ मध्ये सय्यद महमूद यांनी केंब्रिजच्या धर्तीवर स्वतंत्र विद्यापीठाची योजना समितीपुढे मांडली. हे विद्यापीठ आपल्या हयातीत व्हावे, ही सर सय्यद यांची अल्लाहजवळची मागणी होती.

परंतु मागणी लगेच पुरी झाली नाही. २४ मे १८७५ रोजी अलीगढ येथे झाला तो एक छोटा मदरसा. १८७६ मध्ये नोकरीतून निवृत्त होऊन ते कायमचे अलीगढला आले. ८ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते महाविद्यालयाची कोनशिला बसविण्यात आली. १८८१ पर्यंत पदवीचे वर्ग सुरू झाले. येथे हिंदू विद्यार्थ्यांनाही प्रवेश होता आणि महाविद्यालयाचे पहिले पदवीधर ईश्वरी प्रसाद हे होते, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगितली पाहिजे.

या काळात त्यांना जो विरोध झाला त्याची आज कल्पना येणार नाही. त्यांच्यावर कुफ्रचे फतवे निघाले. एक विरोधक तर फतवा मिळविण्यासाठी थेट हिजाजपर्यंत गेले. पैशांची चणचण तर नेहमीचीच. सर सय्यद यांनी दारोदार वर्गणी मागितली, सोडत काढली, प्रदर्शनात पुस्तकांचे दुकान मांडले. एवढेच नव्हे, तर पिकल्या दाढीचा हा विद्वान पुरुष निधीसाठी रंगमंचावरही उभा राहिला. लोक हसले. त्यांनी हसू दिले व पैसे इमारतीत घातले. देणगीदारांची नावे कोरलेले दगड अलीगढच्या भिंतींत आजही दिसतात.

त्यांचे सर्वच विचार आज आपल्याला मान्य होतील असे नाही. स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत त्यांनी फार सावध पवित्रा घेतला. मुलगे शिकले की मुलींचे शिक्षण मागाहून होईल असे ते मानीत. राष्ट्रसभेपासून मुसलमानांनी दूर राहावे या त्यांच्या मतास आपल्या मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी यांनी विरोध केला व १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारले. थोर माणसाचे गुण घ्यावेत आणि मर्यादाही ओळखाव्यात, हेच योग्य होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८९२ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास, सर सय्यद यांनी दुवा आणि तिची कबुली या विषयावर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यांच्या मते दुवा ही स्वतःच एक इबादत आहे आणि खऱ्या मनाने केलेली कोणतीही इबादत अल्लाह नाकारीत नाही. मात्र दुवा कबूल होणे म्हणजे मागितलेली वस्तू मिळणेच असे नव्हे. संकटात माणसाच्या मनाला जी शांती लाभते व धीर येतो, तीच दुवेची कबुली होय. या मतावर त्या काळी पुष्कळ वाद झाला. अल्लाहला सर्व काही शक्य आहे, तो मागितलेली वस्तूही देतो, असे बहुसंख्य विद्वानांनी त्यांना उत्तर दिले. हा वाद सोडविण्याचा अधिकार माझ्यासारख्या शाळामास्तराला नाही. परंतु हे लिहिणाऱ्या माणसाची पुढील सहा वर्षे कशी गेली, ते पाहण्यासारखे आहे.

१८९४ मध्ये थोरला मुलगा सय्यद हामिद वारला. १८९५ मध्ये असे उघडकीस आले की, महाविद्यालयाच्या कचेरीतील एका विश्वासू कारकुनाने एक लाखाहून अधिक रुपयांची अफरातफर केली आहे. पै पै करून जमविलेला पैसा गेला, लोकांचा विश्वास डळमळला, विद्यार्थ्यांची संख्या रोडावली. ज्याच्या बुद्धीवर सर्व आशा होती तो सय्यद महमूद उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत चढला, पण पुढे व्यसनाने व मनोविकाराने ग्रासला. अखेरच्या दिवसांत वृद्ध पित्याला स्वतःचे घर सोडून एका स्नेह्याच्या घरी आसरा घ्यावा लागला. तेथेच २७ मार्च १८९८ रोजी त्यांनी देह ठेवला. कफनाचा खर्चही घरातून निघाला नाही, तो स्नेह्यांनी केला असे सांगतात. महाविद्यालयाच्या मशिदीच्या आवारात त्यांचे दफन झाले.

त्या दिवशी कोणी विचारले असते, तर या माणसाची दुवा कबूल झाली नाही असेच म्हणावे लागले असते. विद्यापीठ झाले नव्हते, खजिना रिकामा होता, घर विस्कटले होते. तरीही शेवटपर्यंत त्यांची लेखणी थांबली नव्हती व महाविद्यालयाचे काम त्यांनी सोडले नव्हते.

परंतु अल्लाहच्या घरचे दिवस आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे मोजले जात नाहीत. सर सय्यद गेल्यावर त्यांच्या स्मारकासाठी निधी जमू लागला. नवाब मोहसिनुल मुल्क यांनी संस्थेची सूत्रे हाती घेतली आणि ढासळता डोलारा सावरला. सर सय्यद यांनी १८८६ मध्ये सुरू केलेली शैक्षणिक परिषद १९०३ मध्ये मुंबईस भरली, तेव्हा अध्यक्षस्थानी तेच बद्रुद्दीन तय्यबजी होते. राजकारणात ज्यांचे पटले नाही ते शिक्षणाच्या कामात एक झाले. १९०६ मध्ये अलीगढ येथेच शेख अब्दुल्ला व त्यांच्या पत्नी यांनी मुलींची शाळा काढली. १९११ मध्ये आगाखान यांनी विद्यापीठासाठी देशभर वर्गणी गोळा केली. आणि १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या कुलपती भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम, म्हणजे एक स्त्री, होत्या. योजना मांडल्यापासून सत्तेचाळीस वर्षे झाली होती आणि मागणी करणारा बावीस वर्षांपूर्वी मातीआड झाला होता.

सफा आणि मर्वा या टेकड्यांमध्ये हजरत हाजरा पाण्यासाठी धावल्या, ती कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा अल्लाहवर पूर्ण भरवसा होता, तरी त्या बसून राहिल्या नाहीत, धावल्या. आणि पाणी निघाले ते त्या धावल्या त्या वाटेवर नव्हे, तर बाळाच्या पायाशी. आपला प्रयत्न एका ठिकाणी आणि अल्लाहची देणगी दुसऱ्या ठिकाणी, असे पुष्कळदा घडते. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. आधी उंट बांधावा व मग भरवसा ठेवावा, हीच आपल्या पैगंबरांची (स.) शिकवण आहे.

त्या मातेला आज मी काय सांगेन? ताई, तुमची दुवा वाया गेलेली नाही. एवढे वर्ष तुम्ही ज्या ओढीने मुलासाठी जागलात, ती ओढ हीसुद्धा त्याचीच देणगी आहे. दुवा चालू ठेवा आणि मुलाला रोज दोन तास पुस्तकासमोर बसवा. फेरपरीक्षेचा अर्ज भरणे हेही त्या दुवेचेच एक अंग आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी पहाटे कोणीतरी तुमच्यासाठी हात पसरून बसलेले असते. त्या हातांना रिकामे ठेवणे वा भरणे अल्लाहच्या हाती आहे, पण त्या हातांची लाज राखणे तुमच्या हाती आहे.

आपली संस्थाही अनेकांच्या दुवेवर व वर्गणीवर उभी आहे. ज्यांनी पहिली वीट ठेवली त्यांतील काहींना आजचा हा दिवस पाहता आला नाही. आज आपण जे मागत आहोत, ते कदाचित आपली नातवंडे पाहतील. तोवर मागणे आणि राबणे, ही दोन्ही कामे न थकता करण्याची शक्ती अल्लाहतआला आपणां सर्वांना देवो. आमीन.

— एक सहशिक्षक, बी. ए., बी. एड.